आपलं काय तिथं?

उर्दू शाळेची सहल म्हटली की ठिकाणं ठरलेली असतात. एखादा दर्गा, एखादं धरण, फार तर विजापूरचा गोलघुमट. वस्तुसंग्रहालय किंवा नाटक दाखवू म्हटलं, की पालक विचारतात, "आपलं काय तिथं?" तासगावात शिकवताना हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. तो मला अडाणीपणाचा वाटत नाही. ज्या घरातलं कोणी नाट्यगृहाची पायरी चढलेलं नाही, त्या घराला ती जागा परकी वाटणारच.

मला हा नाद बी.एड.च्या दिवसांत लागला. आमच्या भागात त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' सांगलीत सादर केलं, ५ नोव्हेंबर १८४३ रोजी. तो दिवस आजही मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो. बालगंधर्वांनी १९०५ मध्ये शकुंतलेच्या भूमिकेत पहिलं पाऊल टाकलं ते मिरजेत. पुढे त्यांच्याच गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा होते. मग 'आपलं काय' याचं उत्तर रंगमंचावरच बसलेलं नाही का?

एके वर्षी आठवीच्या मुलींना घेऊन मी मिरजेला गेले. सतारमेकरांच्या दुकानात भिंतीवर आयतुल कुर्सीची तसबीर, खाली तंबोऱ्यांची रांग. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी, हत्यारांचे दिवस सरल्यावर, ही कला हाती घेतली. फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतात. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, ते वाळवून, कोरून त्यांतून सूर काढायचा. एका मुलीनं हळूच विचारलं, "टीचर, ये अपनेच लोगां बनाते?" कारागिरांनी हसून तंबोरा तिच्यापुढं सरकवला. याच सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

तिथून आम्ही ख्वाजा शमना मीरा दर्ग्यात गेलो. त्याच आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. ते १९३७ मध्ये गेले. अजूनही दरवर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर मराठी रंगभूमीवर गाजल्या, हे मुलींना ठाऊक नव्हतं.

औंधच्या सहलीला मात्र अडचण आली. यमाईच्या डोंगरावरच्या त्या संग्रहालयात राजा रविवर्म्यांची चित्रं आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं 'माता आणि बालक' हे शिल्पही. एका मुलीचे वालिद म्हणाले, "तसबिरी, पुतळे बघणं जायज आहे का?" मी फतवा देणारी कोण? एवढंच म्हटलं, बघणं वेगळं, पुजणं वेगळं. त्यांनी सही केली नाही. मी आग्रह धरला नाही, कारण मुलगी त्यांची आहे आणि उद्या तिला शाळेत ठेवायचं की काढायचं हेही तेच ठरवणार आहेत.

दुसऱ्या दिवशी वर्गात बाकीच्या मुली तिला त्या शिल्पाबद्दल सांगत होत्या. अम्मीनं बाळाला कसं धरलंय, हे एकीनं दप्तर कवटाळून दाखवलं. ती एकटक बघत राहिली.

या मुलींनी गायिका किंवा चित्रकार व्हावं, असा माझा हट्ट नाही. उद्या नाट्यगृहात तिकीट काढून बसताना त्यांना पाहुण्यासारखं अंग चोरावं लागू नये, एवढंच वाटतं. घरातल्या वडीलधाऱ्यांनी एकदा तरी मुलांचं बोट धरून मिरजेपर्यंत जावं. एस.टी.चं तिकीट फार नाही.