तंजावरची वही

तामिळनाडूत अभ्यागत प्राध्यापक म्हणून होतो, त्या वर्षी तंजावरला वारंवार जाणे होई. सरफोजी राजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मंदिरात कोरविलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख पाहावयास सारेच जातात, मीही गेलो. परंतु १८५५ मध्ये राज्य संपुष्टात आल्यावरही घरोघर उरलेली मराठी मला अधिक ओढीत होती. अशाच एका घरातील आजींनी आपल्या सासूबाईंची गाण्यांची वही दाखविली. भाषा मराठी, लिपी तमिळ, लेखन पेन्सिलीचे आणि जागोजाग पुसट. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना एकच अक्षर. शब्द आधीच अंदाजाने लावावयाचा, त्यात एखादी रेघ हरपली तर तोही आधार गेला. वही घराबाहेर न्यावयाची नाही, एवढी त्यांची अट होती. छायाचित्रांना ना नव्हती.

पहिल्या दिवशी चौकट भरून टिपलेली पाने राखेच्या रंगाची उतरली. कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाला समोर कागद आहे की कोळसा, हे कळत नाही. दृश्य सरासरीने अठरा टक्के प्रकाश परत पाठविते असे गृहीत धरून तो पांढऱ्यालाही करडे करून मोकळा होतो. (तौलनिक साहित्यवाल्यांना ही खोड अपरिचित नसावी. एका वाङ्मयाच्या सरासरीने दुसऱ्याला मापण्याचे पाप आम्हीही पुष्कळ केले आहे.) उपाय एक्सपोजर कॉम्पेन्सेशनचा, म्हणजे मापकाच्या हिशेबाहून अधिक वा उणा प्रकाश घेण्याचा. मी अधिक १.७ केले, पाने उजळली, आणि मला विद्या आली असे वाटले.

दुसऱ्या दिवशी अंगणातल्या काळ्या पायरीवर वही ठेवली. उन्हात पडदा मंद दिसे, म्हणून अधिक २ केले. रात्री खोलीवर पाहतो तो एकतीस पाने कोरी! चौकटीत आता पायरीच अधिक होती. तिच्या काळेपणाने फसून मापकाने स्वतःच प्रकाश वाढविला होता, त्यावर माझी भर पडली. हिस्टोग्राम पाहिला असता तर तेथेच उमगले असते. त्या आलेखात डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड. कोणत्या छटेचे किती बिंदू आहेत ते उंचीवरून कळते. पायरीची टेकडी मध्ये होती, कागदाची उजव्या कडेला चिकटून तुटलेली. अंधारात बुडालेले थोडेफार वर काढता येते. कडेबाहेर गेलेला उजेड मात्र कोणत्याही युक्तीने परत येत नाही.

आजी दोन दिवसांनी लेकीकडे जावयाच्या होत्या, वहीसह. सकाळीच ओशाळा होऊन दारात उभा राहिलो. त्यांनी काही न विचारता वही पुढे केली. या खेपेस सावलीत, चौकट भरून, अधिक १ वर टिपले, आणि दर पानाला आलेख पाहिला: टेकडी उजवीकडे, पण कडेपासून बोटभर अलीकडे. पुसट रेघा दिसू लागल्या.

तुम्ही डोंगरच पाहता, गाणे वाचीत नाही, असे आजी आपल्या मराठीत म्हणाल्या. खरेच होते. शेवटच्या पानावरची पेन्सिल तर समूळ गेली होती. तेथे आलेखही मुका. आजींनी ते गाणे तोंडपाठ म्हटले, मी बाळबोधीत उतरून घेतले. मधल्या दोन ओळी त्यांनाही आठवल्या नाहीत.