पाऊस डोंगरावरून येतो तेव्हा

कार्तिकातला पाऊस गोव्यातल्या पेडण्याला पूर्वेकडून येतो. जूनपासून केरी-हरमलच्या समुद्रावरून आत शिरणारा, माडांना झोडपत येणारा पाऊस सगळ्यांच्या ओळखीचा असतो. दिवाळीच्या आगेमागे दिशाच पालटते. सकाळ लख्ख उजाडते, दुपारी वाघेरीच्या आणि चोर्ल्याच्या माथ्यांमागे पांढरे ढग उभे राहू लागतात, चारच्या सुमारास त्यांची बुडे काळवंडतात आणि वरच्या थरातला पूर्वेचा वारा त्यांना किनाऱ्याकडे हाकलतो. वाटेत साखळी, डिचोली, मये. तिथे ते बरेचसे रिते होतात. पेडण्यापर्यंत कधी एखादी सर पोहोचते, कधी नुसता मातीचा वास घेऊन आलेला गार वारा, आणि पुष्कळदा आग्नेयेला आवाजाविना लवणारी वीज.

गेली काही वर्षे या दिवसांतल्या हवेची रोजची टिपणे मी ठेवत आलो आहे. माझे घर पेडण्यात, थोरल्या बहिणीचे डिचोलीत. सकाळी साडेआठला दोघेही अंगणातल्या सरळ कडांच्या डब्यात पट्टी बुडवून पाणी मोजतो. वेळ साडेआठचीच, कारण हवामान खात्याचे चोवीस तास त्या वेळी पुरे होतात. मग तिचा फोन येतो. "आमच्याकडे पागोळ्या गळल्या रे रात्रभर, तुमच्याकडे काय?" आमच्याकडे पुष्कळदा अंगण कोरडे असते. दोन गावांत जेमतेम तासाभराचा रस्ता, पण या महिन्यात त्यांची आभाळे वेगळी असतात. जुलैत हा फरक जाणवत नाही, तेव्हा सगळा गोवा एका ढगाखाली असतो.

म्हणूनच पणजीच्या आल्तिनोवरच्या वेधशाळेचा एक आकडा ऐकून या महिन्याची हवा कळत नाही. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यात नोव्हेंबरचा वाटा नगण्य. हवामान खाते मोसमी पावसाचा हिशेब ३० सप्टेंबरला बंद करते आणि पुढचा पाऊस मोसमोत्तर म्हणून वेगळ्या रकान्यात जातो. कागदावर ते योग्यच आहे. शेतात मात्र सगळी मापे वेगळी. जुलैतल्या दिवसभराच्या वीस मिलिमीटरची कोणी दखलही घेत नाही. तेवढाच पाऊस कापणीच्या तोंडावर एका संध्याकाळी पडला तर सरदचे, म्हणजे पावसाळी हंगामाचे, पिकलेले भात आडवे होते, कुणग्यात पाणी साचते, चौथ्या-पाचव्या दिवशी लोंबीतल्या दाण्याला मोड दिसू लागतात. कापणीचे यंत्र चिखलात रुतते म्हणून मालक ते पाठवत नाही, आणि विळा घेऊन उतरायला माणसे मिळत नाहीत. मिलिमीटर तेच, पण एका महिन्यात ते अन्न पिकवतात आणि दुसऱ्यात कुजवतात.

२०१९ ची दिवाळी इथल्या शेतकऱ्याच्या लक्षात आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात अरबी समुद्रात क्यार वादळ उठले आणि आपल्या किनाऱ्यासमोरून वर सरकताना त्याने गोव्यावर पाऊस कोसळवला. २७ ऑक्टोबरला पहाटे नरकासुर जाळायचे होते. त्याच दिवशी क्यार महाचक्रीवादळ झाले. अरबी समुद्रात त्याआधी एवढ्या ताकदीचे एकच वादळ नोंदले गेले होते, २००७ चे गोनू. क्यार ओमानच्या दिशेने गेले न गेले तोच महा नावाचे दुसरे वादळ उभे राहिले. अरबी समुद्रात एकाच वेळी दोन एवढी मोठी वादळे, हे तज्ज्ञांनाही नवे होते. शेतात उभे असलेले भात त्या पंधरवड्यात गेले. मोसमी पावसाची सरासरी त्या वर्षी भरघोस होती, आणि त्या सरासरीत हे नुकसान कुठेच दिसत नाही.

रोजच्या टिपणांत मला सर्वांत जास्त शिकवले ते रात्रीच्या तापमानाने. नोव्हेंबरातली दुपार गोव्यात मे महिन्याइतकीच तापते. सकाळी घाटावरून उतरणारा कोरडा वारा जोर धरून राहिला की समुद्रवारा उशिरा सुटतो आणि पारा पस्तिशीकडे जातो. पण त्या कोरड्या हवेतली रात्र उतरते. एकवीस अंशांवर, कधी त्याखालीही. डिचोलीच्या खळग्यात पहाटे धुके दाटते, भाताच्या उडवीवर दंव साचते, मयेच्या तळ्यावर नऊपर्यंत वाफ रेंगाळते. मग कुठेतरी तामिळनाडूकडून एखादे कमी दाबाचे क्षेत्र अरबी समुद्रात उतरते. आपल्याकडे थेंबही न पडता आभाळावर पातळ साय येते, वारा आग्नेयेचा होतो आणि रात्र चोवीस-पंचवीसच्या खाली जाईनाशी होते. दिवसाच्या आकड्यांत फारसा बदल नसतो, म्हणून बातम्यांत याचा उल्लेख नसतो. आंब्याला मात्र रात्रीतला हा बदल कळतो. सलग गार रात्री मिळाल्या तर मोहोर फुटतो, ऊब टिकली तर त्याच डोळ्यांतून पालवी येते. काजूचा मोहोर नाजूक असतानाच ढगाळ, दमट हवा राहिली की ढेकण्या लागतो आणि मोहोर करपतो. पेडण्यातल्या बागाईतदाराचा एप्रिल असा नोव्हेंबरच्या रात्रींत ठरतो.

आगरवाड्याच्या मिठागरांचेही तसेच. पावसाळ्यात गोड्या पाण्याखाली गेलेली ती तळी आता उपसायची, मानशीच्या दारांतून शापोरा नदीचे खारे पाणी आत घ्यायचे, बांध लिंपायचे, तळाची माती चोपून टणक करायची. महिन्याच्या अखेरीस एक जोरदार सर आली की चोपलेली जमीन पुन्हा मऊ. जमीन टणक झाली की मग मीठ तयार व्हायला ऊन आणि वारा यांचेच काम उरते. सुरुवात लांबली की मे महिन्याआधीचे मोजके दिवस कमी होतात. ही मिठागरे आता थोडीच उरली आहेत, आणि हवेचा एवढा धोका घेऊन ती चालवणाऱ्यांविषयी मला फार आदर वाटतो.

समुद्राचा रकाना माझ्या वहीत आधी नव्हता. तो ओखी वादळानंतर आला. डिसेंबर २०१७ च्या पहिल्या आठवड्यात ओखी आपल्यापासून दूर समुद्रातून चालले होते. ३ डिसेंबरला दत्तजयंतीची पौर्णिमा होती, म्हणजे उधाणाची भरती. वादळाने उठवलेल्या लाटा त्या भरतीवर चढून आल्या आणि मोरजी, मांद्रे, हरमल, केरीच्या किनाऱ्यांवरच्या शॅकमध्ये पाणी घुसले. आभाळाकडे पाहून किनाऱ्यावरच्या कोणाला याचा अंदाज आला नसता. त्या दिवसापासून तिथी आणि भरतीची वेळ मी तापमानाशेजारी लिहितो.

आपल्या सणांनी या हवेवर केवढा भरवसा ठेवलेला आहे, हेही लिहिता लिहिता ध्यानात येत गेले. व्हडल्या दिवाळीला, म्हणजे तुळशीच्या लग्नाला, तुळशीपुढे ऊस उभा करायचा, आवळे-चिंचा बांधायच्या, ते उघड्या अंगणात. त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीच्या विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत सजवलेल्या नौका सोडायच्या, त्या उघड्या आभाळाखाली. त्यानंतर गावोगावी दशावतारी नाटकांचे दहीकाले सुरू होतात, देवळासमोर, रात्रभर. पाऊस गेला, पिके घरात आली, रात्री कोरड्या आणि सुखद झाल्या, असे गृहीत धरूनच हे दिवस ठरले. आता मंडपावर प्लास्टिकचे कापड घालावे लागते. एखाद-दुसऱ्या वर्षाने हवामान बदलले असे म्हणता येत नाही. कार्तिकात आधीही पाऊस पडलेला आहे. अरबी समुद्र तापतो आहे आणि त्यातली वादळे पूर्वीपेक्षा बळावत आहेत, हे शास्त्रज्ञ अभ्यासाने सांगतात. आपल्या वाड्यावर त्याचा परिणाम किती, हे ठरवायला आपल्या वाड्याच्याच नोंदी लागतील.

आणि त्या फार थोड्या आहेत. गोव्यात पर्जन्यमापके आहेत, पेडण्यात आहे, साखळीतही आहे. पण एका केंद्राने अख्ख्या तालुक्याची साक्ष द्यायची म्हणजे कोरगाव, तुये, चांदेल या गावांनी एकाच आकड्यावर भागवायचे. मोपाच्या पठारावर २०२३ पासून विमाने उतरतात. विमानतळ असल्यामुळे तिथली हवा दर अर्ध्या तासाला नोंदली जाते: वारा, दृश्यमानता, ढगांची उंची, दवबिंदू. वैमानिकाला ती लागतेच. त्याच पठाराच्या पायथ्याशी वारखंडात भात वाळत घातलेल्या माणसालाही ती लागते.

पेडणे आणि डिचोलीतल्या शिक्षकांना, पंचायतींना, शेतकरी संघांना माझी एक विनंती आहे. प्रत्येक शाळेच्या अंगणात, झाडापासून आणि छपरापासून दूर, एक पर्जन्यमापक बसवा. सकाळी साडेआठला मुलांना पाणी मोजू द्या. वाऱ्याची दिशा, रात्रीचे तापमान आणि तिथी लिहू द्या. मापक परवडत नसेल तर सरळ कडांचा डबा आणि पट्टी पुरते. वही जूनमध्ये सुरू केलीत तर ती ३० सप्टेंबरला मिटू नका.