शेजारच्या आसनावरील आवाज

१/
आजचा धागा एका निराशाजनक व्हिडिओ गेमविषयी आहे. नाव 'डर्ट शोडाउन', निर्माती ब्रिटनमधील कोडमास्टर्स कंपनी, प्रकाशन मे २०१२. मोटार शर्यतींच्या एका नामांकित मालिकेतून फुटलेला हा आर्केड पद्धतीचा स्पिन-ऑफ. इतिहासाच्या विद्यार्थ्याने असल्या विषयात का शिरावे, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर ओघात येईलच. आरंभ मात्र त्याच्या सत्तावन्न वर्षे आधीपासून करावा लागेल.

२/
१ मे १९५५, इटली. ब्रेशिया ते रोम आणि परत ब्रेशिया अशी सुमारे १,६०० किलोमीटरची 'मिले मिल्या' शर्यत. मर्सिडीज मोटारीत चालक स्टर्लिंग मॉस आणि शेजारी पत्रकार डेनिस जेंकिन्सन. दोघांनी शर्यतीपूर्वी हा मार्ग पालथा घातला होता. धोक्याचे प्रत्येक वळण, प्रत्येक उंचवटा जेंकिन्सनने टिपून ठेवला. त्या नोंदींची कागदी गुंडाळी सुमारे १८ फूट लांब भरली.

३/
इंजिनाच्या गर्जनेत बोलणे ऐकू येणे अशक्य. म्हणून जेंकिन्सन हाताच्या ठरलेल्या खुणांनी पुढचा रस्ता सांगत राहिला. उंचवट्यापलीकडचे काहीही दिसत नसताना मॉसने पूर्ण वेगाने मोटार हाकली, कारण पलीकडे काय आहे हे शेजारच्या माणसाने आधीच पाहून लिहून ठेवले होते. १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत, ताशी सुमारे १५७ किलोमीटरच्या सरासरीने ते जिंकले.

४/
रॅली या क्रीडाप्रकारात पुढे हीच पद्धत पक्की रुजली. रॅलीत मोटारी एकामागून एक सुटतात आणि प्रत्येकीची झुंज घड्याळाशी असते. शेजारचा सहचालक वहीतून वाचत असतो: डावे वळण, तीव्र, शंभर मीटर सरळ, उंचवट्यानंतर उजवे, आतून कापू नको. या टिपणांना 'पेसनोट्स' म्हणतात. चालकाचे कौशल्य कितीही थोर असो, अनोळखी जंगलात त्याचे अर्धे डोळे त्या वहीत असतात.

५/
स्कॉटलंडचा कॉलिन मॅक्रे १९९५ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, जागतिक रॅली विजेता झाला. त्याच्या नावाने कोडमास्टर्सने १९९८ मध्ये 'कॉलिन मॅक्रे रॅली' हा खेळ काढला. त्यातील सहचालकाचा आवाज निकी ग्रिस्टचा होता. मॅक्रेच्या शेजारी प्रत्यक्ष शर्यतींत बसणारा हाच तो माणूस. खेळणाऱ्याला नुसती मोटार मिळाली नाही, रस्ता जाणणारा एक सोबती मिळाला.

६/
माझ्या वाट्याला ही मालिका उशिरा आली. मावसभावाच्या जुन्या संगणकावर 'कॉलिन मॅक्रे रॅली २.०' होता आणि मे महिन्याच्या सुट्टीत मी तो तासन्‌तास खेळे. इंग्रजी जेमतेम समजण्याचे ते वय. तरी ग्रिस्टचे शब्द आठवडाभरात पाठ झाले. डोळ्यांसमोर चालू वळण असे आणि कानात पुढचे. कुणीतरी आपल्या आधी येथून जाऊन आले आहे, ही जाणीव मला प्रथम या खेळाने दिली.

७/
सप्टेंबर २००७ मध्ये मॅक्रे हेलिकॉप्टर अपघातात मरण पावला. त्याच वर्षी मालिकेला 'डर्ट' हे नवे नाव जोडले गेले होते. २००९ च्या दुसऱ्या भागावर युरोपात त्याचे नाव होते, २०११ च्या तिसऱ्या भागावर ते उरले नाही. दरम्यान केन ब्लॉक या अमेरिकी चालकाच्या 'जिमखाना' चित्रफिती गाजत होत्या. मोकळ्या आवारात धुरळा उडवत, खांबांभोवती गिरक्या घेत मोटार नाचवण्याचा तो प्रकार. 'डर्ट ३' मध्ये जिमखान्याला मानाचे स्थान मिळाले.

८/
बाजारही अस्वस्थ होता. मे २०१० मध्ये 'ब्लर' आणि 'स्प्लिट/सेकंड' हे दोन आर्केड शर्यत-खेळ एकाच महिन्यात आले. दोन्ही रंजक होते, परंतु अपेक्षित खप कुणाच्याच पदरी पडला नाही. ते घडवणारे बिझार क्रिएशन्स आणि ब्लॅक रॉक हे दोन्ही ब्रिटिश स्टुडिओ २०११ मध्ये बंद झाले. याच काळात, २०१० मध्ये, कोडमास्टर्समधील सुमारे निम्मा हिस्सा अनिल अंबानी समूहाच्या रिलायन्स बिग एंटरटेनमेंटने घेतला होता. त्या कंपनीच्या भागधारकांत तेव्हा मुंबईचे नावही होते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसावे.

९/
अशा वातावरणात 'डर्ट शोडाउन' आला. त्याचा मूळ आदर्श अमेरिकेतील जत्रांमध्ये भरणारी 'डिमॉलिशन डर्बी'. त्यात मोटारी एकमेकींवर आदळायच्या, शेवटपर्यंत चालती राहील ती जिंकली. 'रॅम्पेज'मध्ये रिंगणातील धडकांना गुण, 'नॉक आउट'मध्ये प्रतिस्पर्ध्याला चौथऱ्यावरून ढकलणे, '८-बॉल'मध्ये स्वतःलाच छेदणारा मार्ग. न्यायाने सांगायचे तर खेळ देखणा होता, धडकांत जोर होता, चार मित्रांत तासभर मजाही येई. समीक्षकांचे मत संमिश्र पडले.

१०/
मग निराशा कशाची? या खेळात रॅलीचा एकही टप्पा नव्हता. त्यामुळे सहचालक नव्हता, वही नव्हती, पेसनोट्स नव्हत्या. त्यांच्या जागी आला ध्वनिवर्धकावरून ओरडणारा निवेदक. सहचालक चालकाशी बोलतो, निवेदक गर्दीशी. सहचालक पुढे काय येणार ते सांगतो. निवेदक नुकतेच काय घडले त्यावर आरोळी ठोकतो. रिंगणात तेच ते कठडे पुनःपुन्हा येत असल्याने पुढचा रस्ता जाणण्याची गरजच संपली होती.

११/
यावर एक आक्षेप येईल: आर्केड खेळाकडून एवढी अपेक्षा का? कारण आर्केडचाच इतिहास वेगळे सांगतो. १९९०च्या दशकाच्या मध्यास सेगा या जपानी कंपनीचे 'सेगा रॅली चॅम्पियनशिप' हे यंत्र खेळदालनांत आले. तेथील अर्थशास्त्र निष्ठुर होते. नाणे टाकणाऱ्याला काही मिनिटांत थरार द्यायचा आणि पुढच्यासाठी जागा मोकळी करायची. खेळ सोपा, रंग भडक, वेळ तुटपुंजा. तरीही त्यात शेजारून वळणे सांगणारा आवाज होता.

१२/
म्हणजे दोष आर्केडचा नव्हता. थोडक्यात सांगणे, सोपे करणे, रंगवून सांगणे यांत काहीच गैर नाही. प्रश्न एवढाच की कापताना कात्री कुठे चालली. सेगाने लांबी कापली, गुंतागुंत कापली, सोबती ठेवला. 'शोडाउन'ने मालिकेचे चिखलाळ रूप, मोटारी आणि झगमगाट ठेवला आणि ज्या एका गोष्टीमुळे ती मालिका इतरांहून वेगळी होती तीच वगळली. नाव तेच राहिले, म्हणून अपेक्षा तीच राहिली. निराशेचे मूळ येथे आहे.

१३/
हे सारे मला एवढे का लागते? कारण असले धागे लिहिणे हेही आर्केडचेच काम आहे. आठवडाभर मोडी पत्रांच्या रुमालांपुढे बसावे, एका पत्राची तारीख जुळवण्यात दोन दिवस जावेत आणि मग ते सारे काही ओळींत बसवावे. वाचकाचा अंगठा सरकायच्या आत त्याला धरून ठेवायचे. "तारखांचा घोळ नको, लढाईचा थरार दे," असे प्रेमळ निरोप मला नेहमी येतात. त्यांत चूक नाही; थरार मलाही आवडतो.

१४/
पण इतिहासलेखनातही दोन आवाज असतात. एक निवेदकाचा. तो विजयाची आरोळी देतो, शत्रूची खिल्ली उडवतो, टाळ्या घेतो. दुसरा सहचालकाचा. तो सांगतो, येथे दोन साधने परस्परविरोधी आहेत, जरा हळू; ही आख्यायिका मोहक आहे, पण वळण आतून कापू नको; येथून पुढे कागदच नाहीत, अंदाजाने जावे लागेल. हा दुसरा आवाज जागा खातो आणि त्याला टाळ्याही कमी पडतात. धागा लांबला की सर्वांत आधी त्याच्यावरच कात्री फिरवण्याचा मोह होतो.

१५/
एप्रिल २०१५ मध्ये कोडमास्टर्सने फारसा गाजावाजा न करता 'डर्ट रॅली' अपुऱ्या अवस्थेतच संगणकावर खुला केला आणि खेळणाऱ्यांच्या सूचना घेत डिसेंबरपर्यंत पूर्ण केला. खेळ कठोर होता. एक चूक आणि मोटार दरीत. निवेदक गेला होता, शेजारचा आवाज परतला होता. तो होता पॉल कोलमन या खेळाच्या मुख्य रचनाकाराचा. ज्याने रस्ते घडवण्यात भाग घेतला, तोच आता वळणे सांगत होता. जुने चाहतेही परतले.

१६/
वाचकहो, पुढच्या वेळी इतिहासाचा एखादा धागा, चित्रफीत वा व्याख्यान रंगात आले की क्षणभर कान देऊन पाहा. बोलणारा मार्ग पाहून आला आहे का? त्याच्या हाती वही आहे, की फक्त ध्वनिवर्धक? हीच कसोटी माझ्या धाग्यांनाही लावा. उंचवट्यापलीकडे काय आहे हे मी सांगितले नसेल, तर खाली जरूर विचारा.