चुकलेला शून्य



प्रायश्चित्तकाळ आला की धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही मुलांना आत्मपरीक्षण कसे करायचे ते शिकवतो. यंदा तो धडा आधी आम्हालाच गिरवावा लागला, आणि तो शिकवला आमच्या धर्मग्रामाच्या गाडीने.

आमची गाडी जुनी, सेकंड हँड घेतलेली. आजाऱ्यांना दवाखान्यात नेणे, ख्रिस्तप्रसाद घेऊन निघालेल्या फादरांना खानापूरकडच्या वाड्यांवर पोचवणे, अशी तिची कामे. देखभाल आम्हा चार धर्मशिक्षकांकडे. लांबच्या फेऱ्यांना युवा मंडळातला एक मुलगा चालवायचा. विशीतला, गाड्यांचे वेड असलेला. कधी एक पैसा मागितला नाही त्याने.

नाताळानंतर गाडीत एक पिवळा दिवा लागू लागला, घसरत्या गाडीचे चित्र असलेला. आमच्यापैकी कोणी बेळगावात चालवली की दिवा नाही. तो खानापूर किंवा गोव्याकडे घेऊन गेला की हमखास लागलेला. आमच्या मनाने तेव्हाच निष्कर्ष काढला होता, तोंडाने बोललो नव्हतो एवढेच.

मग फेब्रुवारीत एका आजींना गोव्याच्या रुग्णालयात नेताना, चोर्ला घाटातल्या वळणावर गाडीने अचानक एका बाजूला ओढ घेतली. मुलाने ती सावरली. आजींच्या कपाळाला टेंगूळ आले, बाकी देवाची कृपा. परत आल्यावर तो म्हणाला, "टीचर, मी ब्रेक मारलाच नव्हता. गाडीनं आपणच मारला." आम्ही एकमेकांकडे बघितले. गाडी आपण होऊन ब्रेक मारते, हे कोण खरे मानणार? "घाटात जरा हळू चालवायला काय होतं?" एवढे बोलून आम्ही किल्ली मागून घेतली. त्याने ती टेबलावर ठेवली. पुढच्या रविवारी तो गायनवृंदात नव्हता. त्याच्या पुढच्याही नव्हता.

इकडे गाडी गॅरेजमध्ये नेली. यंत्र लावून बघितले, एका चाकाचा सेन्सर बदलला, बिल दिले. आठवड्यात दिवा परत. तेव्हा कोणीतरी एका जुन्या मेस्त्रींचे नाव सुचवले. मामा स्वतःच चर्चच्या आवारात आले, हातात छोटा स्कॅनर घेऊन.

त्यांनी आधी आम्हाला गाडीची ही व्यवस्था समजावून सांगितली. इंग्रजीत तिला स्टॅबिलिटी कंट्रोल म्हणतात. १९९५ पासून ती कारखान्यातून गाड्यांत बसून येऊ लागली. स्टिअरिंगचा सेन्सर सांगतो की चालकाला कुठे जायचे आहे. चारही चाकांचे सेन्सर वेग सांगतात. सीटांच्या मध्ये खाली एक डबी असते. तिच्यातला एक सेन्सर गाडी स्वतःभोवती किती वळते ते मोजतो आणि दुसरा, ॲक्सेलरेशन सेन्सर, गाडीला बाजूने किती जोर बसतो ते. एसटी वळणावर गेली की आपण शेजारच्यावर कलंडतो ना, तोच जोर. या सगळ्यांचे म्हणणे जुळले नाही, गाडी घसरते आहे असे वाटले, की संगणक आपणच एखाद्या चाकाला ब्रेक लावतो.

"म्हणजे गाडी आपण ब्रेक मारते?" आम्ही विचारले.

"मारतेच की. त्यासाठीच बसवलंय ते."

आम्ही गप्प झालो.

स्कॅनरवर नोंद होती: बाजूच्या ॲक्सेलरेशनचा सिग्नल पटण्यासारखा नाही. आम्ही म्हणालो, मग बदलून टाका सेन्सर. मामा म्हणाले, "थांबा की. पटत नाही म्हणजे तोच खोटा असं कुठं आहे? एक जण चौघांपेक्षा वेगळं बोलला, तर कधी तोच चुकतो, कधी बाकीचे." मग त्यांनी एकेक गोष्ट तपासली. चारही टायर एकाच मापाचे आहेत का, हवा सारखी आहे का. बॅटरीचा दाब. गाडी सरळ जाताना स्टिअरिंग शून्य दाखवते का. चारही चाकांचा वेग सारखा येतो का. सगळे ठीक निघाले.

मग दुपारच्या उन्हात गाडी ग्रोटोकडे तोंड करून उभी केली. उभ्या गाडीला बाजूचा जोर नसतो, म्हणजे आकडा शून्याजवळ हवा. स्कॅनरवर आला १.३. आम्ही म्हणालो, सापडला! मामांनी मान हलवली. "तुमचं आवार सपाट आहे कशावरून? जमीन कलती असली तर पृथ्वीची ओढच थोडी बाजूनं लागते. आता गाडी फिरवून त्याच जागी उभी करा."

गाडी फिरवली, तोंड फाटकाकडे. आकडा आला ०.९.

मामांनी जमिनीवर खडूने हिशेब मांडला. दोष फक्त जमिनीत असता तर गाडी फिरवल्यावर आकडा तेवढाच, पण उलट्या चिन्हाचा आला असता. दोष फक्त सेन्सरमध्ये असता तर दोन्हीकडे एकच आकडा आला असता. १.३ आणि ०.९ यांच्या मधला १.१ ही सेन्सरची चूक. इकडे तिकडे झालेला ०.२ हा आवाराचा उतार. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून फरशी थोडी कलती घातली होती, हे तेव्हा आम्हाला आठवले. इतकी वर्षे त्या आवारात मुलांचे खेळ घेतले, पण कल कधी जाणवला नाही.

तरीही सेन्सर काढायची घाई त्यांनी केली नाही. डबीचे बोल्ट घट्ट आहेत ना, तिला वीज आणि अर्थिंग नीट मिळते ना, कनेक्टरमध्ये हिरवा गंज आहे का, ते बघितले. गंज थोडा होता, तो साफ केला. आकडा हलला नाही. मग डबी काढून, वायर जोडलेली ठेवून, हातात एका कुशीवर धरली, मग दुसऱ्या कुशीवर. पूर्ण आडवी धरली की पृथ्वीची सगळी ओढ त्याच दिशेने लागते, एकीकडे ९.८ आणि दुसरीकडे उणे ९.८ दिसायला हवे. दिसले १०.९ आणि उणे ८.७. दोन्हीकडे तीच १.१ ची चूक. मामा म्हणाले, "मोजतो बरोबर. शून्यच सरकलाय त्याचा."

हे वाक्य त्या दिवसापासून आमच्या डोक्यातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना, तीच चूक जेमतेम ०.१ निघाली. गरम झाला की शून्य सरकायचा. शहरातल्या दहा मिनिटांच्या फेरीत डबी तापतच नसे. लांबचा प्रवास, ऊन, घाटाची वळणे, हे सगळे एकत्र यायचे ते फक्त त्या मुलाच्या वाट्याला. कारण लांबच्या फेऱ्या आम्ही त्याच्यावरच टाकल्या होत्या. ज्याने जास्त सेवा केली, त्याच्याच हातात दोष दिसला.

नवा सेन्सर आला. बसवल्यावर त्याला शून्य शिकवावा लागतो, आणि त्यासाठी मामांनी गाडी आवारातून बाहेर, खरोखर सपाट जागी नेली. म्हणाले, "कलत्या जागेवर शिकवला तर उतारालाच सपाट समजेल, मग जन्मभर चुकेल."

संध्याकाळी आम्ही चौघे त्या मुलाच्या घरी गेलो. काय बोलायचे ते वाटेत ठरवले होते, पण दारात सगळे विसरलो. आईने चहा टाकला. आम्ही म्हणालो, "तू खरं सांगत होतास. आम्ही ऐकलं नाही. आमचं चुकलं, आम्हाला क्षमा कर." तो बराच वेळ खाली बघत होता. मग म्हणाला, "गाडी पडली असती ना टीचर, तरी तुम्ही मलाच धरलं असतं." याला आमच्याकडे उत्तर नव्हते, कारण ते खरे होते. किल्ली त्याच्यापुढे ठेवली. त्याने त्या दिवशी उचलली नाही. दोन शुक्रवार गेले. तिसऱ्या शुक्रवारी क्रुसाच्या वाटेच्या भक्तीला तो आला, मागच्या बाकावर बसला, आणि जाताना विचारले, "टायरमध्ये हवा बघितलीत का?" आजींना पुढच्या वेळी त्यानेच नेले.

प्रियजनहो, त्या मुलाबद्दल आमच्या मनातला शून्य सरकलेला होता. "आजकालची मुलं जोरातच चालवतात" हा आमच्या आवाराचा उतार. त्यावर उभे राहून आम्ही सगळे मोजत होतो. शेजाऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आणि आपल्या डोळ्यातले मुसळ आम्ही मुलांना दरवर्षी शिकवतो. पण एकाच दिशेला तोंड करून कितीही वेळा आत्मपरीक्षण केले, तरी आपला कल आपल्याला दिसत नाही. गाडी फिरवावी लागते. त्या मुलाच्या जागी उभे राहून एकदा बघितले असते तर?

आणखी एक गोष्ट. सिग्नल पटेनासा झाला की ती व्यवस्था स्वतःला बंद करते आणि दिवा लावून सांगते, माझ्या मोजण्यावर आता भरवसा ठेवू नका. नेहमीचे ब्रेक चालू राहतात, फक्त ती मध्ये पडत नाही. आम्हाला मात्र शंका असतानाही आम्ही निवाडा देऊन मोकळे झालो.

या प्रायश्चित्तकाळात पापनिवेदनाला जाण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारू या: कोणाच्या हातातली किल्ली आपण न ऐकताच काढून घेतली आहे? तो घरात असेल, शेजारी असेल, चर्चच्या मागच्या बाकावरही असेल. आधी त्याच्या दारात जाऊ या.

प्रभू येशू, आमचा शून्य सरकला आहे आणि तो आमचा आम्हाला कळत नाही. तुझ्या क्रुसाजवळच्या सपाट जागेवर आम्हाला उभे कर आणि पुन्हा मोजायला शिकव. आमेन.