त्रेसष्ट नावांची यादी

आजी २०२४ साली गेली. तिचं वर्षश्राद्ध महिन्यावर आलं, तेव्हा आत्याचा फोन आला. "अरे, तू आजीच्या ओव्या फोनवर घेतल्या होत्यास ना? किती आहेत, कोणत्या आहेत, एक यादी करून पाठव. त्या दिवशी साऱ्याजणी बसून ऐकू." मी म्हटलं, "त्यात काय, पाच मिनिटांचं काम!" माणूस असं म्हणतो आणि हमखास फसतो.

२०२१ साली आमची दहावीची परीक्षाच रद्द झाली. हाताशी वेळच वेळ. मे आणि जून मी आजीकडे काढले. दळण केव्हाच गिरणीवर जाऊ लागलं होतं. पण जात्याशी बसल्याशिवाय ओवी आठवत नाही, असं तिचं म्हणणं. मग ती मूठभर जोंधळे टाकायची, खुंट्याला हात घालायची आणि गळा आपोआप सुरू व्हायचा. मी शेजारी फोन ठेवून गप्प बसायचो.

पुढे तो फोन बिघडला. २०२३ मध्ये त्यातलं कार्ड संगणकाला लावून सारं उतरवून घेतलं. गाणी, व्याख्यानं, लग्नातली गडबड, सगळं एकाच फोल्डरात. नावं फोननंच दिलेली: व्हॉइस ००१, व्हॉइस ००२. त्या गर्दीत आजी शोधायची ती तारखेवरूनच.

म्हणून तारखेची चाळणी लावली. फाइल 'तयार झाल्याची' तारीख २०२१ असलेलं सारं दाखव, म्हटलं. उत्तर आलं, एकही फाइल नाही! छातीत धस्स झालं. आजी एकदा गेली होतीच. आता माझ्या निष्काळजीपणानं ती दुसऱ्यांदा गेली, असं वाटलं. त्या रात्री झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. फाइलची नक्कल दुसरीकडे ठेवली, की संगणक तिला 'तयार झाल्याची' तारीख त्या दिवसाची देतो. 'बदल झाल्याची' तारीख मात्र जुनीच राहते. म्हणजे जन्म अलीकडचा आणि बदल आधीचा! शोधाच्या चौकटीत 'डेटमॉडिफाइड' लिहून अपूर्णविराम दिला, पुढे १ मे ते ३० जून २०२१ अशा तारखा दिल्या. पडद्यावर एकापाठोपाठ एक त्रेसष्ट फायली उभ्या राहिल्या. मी चक्क हात जोडले.

आता यादी. सगळ्या फायली निवडल्या, कंट्रोल आणि सी दाबलं, नोटपॅड उघडून चिकटवायला गेलो, तर पान कोरंच! तसं केल्यानं नावं उचलली जात नाहीत, फायलीच उचलल्या जातात. शिफ्ट दाबून ठेवून माउसचं उजवं बटण दाबलं, तेव्हा 'कॉपी ॲज पाथ' असा पर्याय दिसला. त्यानं नावं उतरली. पण प्रत्येक नावामागे डी ड्राइव्हपासूनचा सगळा पत्ता आणि दोन्हीकडे अवतरणचिन्हं. 'रिप्लेस' वापरून तीही काढली. त्रेसष्ट ओळी स्वच्छ झाल्या.

वाचून पाहिल्या आणि लक्षात आलं, यादी झाली, पण तीत आजी कुठेच नाही. व्हॉइस ०४१ म्हणजे कोण? गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहात ओवीबरोबर गाणारीचं नाव आहे, गाव आहे. मला तर एकाच बाईच्या त्रेसष्ट फायली सांभाळायच्या होत्या!

मग रोज रात्री एकेक फाइल ऐकू लागलो आणि नावापुढे लिहू लागलो: भावाची ओवी, लेकीची ओवी, विठोबाची ओवी, मध्येच खोकला, बाहेर पाऊस. तारीख यंत्रानं सांगितली होती. बाकीचं सांगणारा त्या पडवीत हजर असलेला मी एकटाच उरलो होतो.

एक्केचाळिसाव्या फाइलपाशी थांबलो. तीत ओवीच नव्हती. थोडी घरघर, मग जातं थांबल्यासारखं आणि आजीचा आवाज, "बाळा, चहा घेतलास का रे?" पुढे काय लिहावं सुचेना. शेवटी लिहिलं, 'ओवी नाही. आजी आहे.'

वर्षश्राद्धाच्या दिवशी आत्यानं सगळी यादी वाचली आणि पहिल्यांदा तीच लावायला सांगितली.