थोड्यानं काय होतं?

मैत्रिणींनो, ‘थोड्यानं काय होतं?’ हे वाक्य तुमच्या घरात दिवसातून किती वेळा म्हटलं जातं, ते एकदा मोजून पाहा. चहात साखर जास्त पडली, थोड्यानं काय होतं! मुलानं गृहपाठ अर्धाच केला, थोड्यानं काय होतं! मीही हे हजारदा म्हटलं असेल. पण गेल्या वर्षी या वाक्यानं मला चांगलंच खिंडीत गाठलं.

श्रावणातली गोष्ट. सोयाबीनवर फवारणी चालू होती. संध्याकाळी मी नाल्याकडे गेले, तर आमचे भाऊजी फवारणीचा पंप वाहत्या पाण्यात खळखळून धूत होते. पाण्यावर पांढुरका फेस आणि थोडं खाली आमचीच म्हैस पाणी पीत होती. मी म्हटलं, “भाऊजी, अहो, औषध आहे ते!”

ते हसून म्हणाले, “वयनी, तळाशी घोटभर होतं. थोड्यानं काय होते? अन् तुमी तर आमचे फवारणीचे सदरे लेकराच्या कपड्यासंगंच भिजवता!”

मी गप्पच झाले. खरंच होतं ते. साबण वाचतो, पाणी वाचतं, म्हणून मी वर्षानुवर्षं एकाच बादलीत सगळे कपडे भिजवत आले होते. त्यात माझ्या लेकीचे फ्रॉकही असत. दुसऱ्याला सांगायला गेले आणि स्वतःच सापडले. त्या रात्री काही मला लवकर झोप लागली नाही.

उत्तर सापडलं ते फेब्रुवारीत. मी इथल्या शाळेत काही तासांपुरती शिकवते. विज्ञान दिनासाठी समुद्राच्या प्रदूषणावर टिपण काढायचं काम माझ्याकडे आलं. आता आमचं रिठद पडलं वाशीम जिल्ह्यात. समुद्राशी आमची ओळख आठवडी बाजारातल्या सुकटीपुरती! तरी वाचायला बसले, आणि एका गोगलगायीनं मला धरूनच ठेवलं.

आपल्या सोयाबीनचा फडशा पाडते ना शंखी गोगलगाय, तिचीच ही समुद्रातली लांबची बहीण. खडकांना चिकटून राहणारी. १९७० साली इंग्लंडमधल्या प्लिमथ बंदराजवळ एका शास्त्रज्ञाला दिसलं, की हिच्या माद्यांना नराचं इंद्रिय फुटू लागलं आहे. पुढे काही माद्यांची अंडी घालायची वाटच बंद झाली. अंडी पोटात तशीच राहून त्या मरत. बाईच्या जातीला हे वाचताना कसंसंच होतं बघा.

याचं कारण निघालं जहाजांचा रंग. जहाजाच्या बुडाला शेवाळ, शिंपले असे जीव चिकटतात. त्यानं जहाज जड होतं, इंधन जास्त जळतं. म्हणून रंगात ट्रायब्यूटिलटिन नावाचं विष घालत. त्यात कथील असतं. कल्हईचंच कथील, पण ते भांड्यावर निरुपद्रवी, आणि या रासायनिक जोडणीत जहाल. रंगातून ते हळूहळू पाण्यात झिरपे.

आणि किती पुरतं म्हणता? एक लिटर पाण्यात एका ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग! मला काही कळेना. मग वहीवर हिशेब मांडला. उन्हाळ्यात गावोगाव फिरतो तो दहा हजार लिटरचा टँकर धरा. असे एक लाख टँकर आणि त्यात मिळून एक ग्रॅम विष, म्हणजे चिमूटभर. एवढ्यानं त्या माद्यांमध्ये बदल सुरू होतो.

हे सगळं परदेशातलं, असं म्हणू नका. गोव्यात दोनापावला इथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या विश्वकिरण आणि अनिल या शास्त्रज्ञांनी १९९९ साली हाच प्रकार आपल्या किनाऱ्यावरच्या गोगलगायीत नोंदवला. तिचं शास्त्रीय नाव क्रोनिया कोंकनेन्सिस, म्हणजे आपल्या कोकणावरूनच पडलेलं! खडकांवरचे शंख वेचायचे, ते फोडायचे, एकेक मादी तपासायची. तांदूळ निवडण्यासारखंच चिकाटीचं काम. पण अशा निवडण्यातूनच जगाला खडा सापडला. २००१ साली या रंगांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २००८ मध्ये तो लागू झाला. इंग्लंडच्या किनाऱ्यावर त्या गोगलगायी पुन्हा वाढू लागल्या, हे वाचून मला माहेरची खुशाली कळल्यासारखं वाटलं.

आता आमच्या नाल्यातलं औषध वेगळं आणि जहाजाचं विष वेगळं, हे मला समजतं. पण पाणी कुठे थांबतं का? आमच्या तालुक्यातलं पाणी पैनगंगेतून वर्धेला, प्राणहितेतून गोदावरीला आणि तिथून बंगालच्या उपसागराला जातं. आणि वाशीम जिल्ह्यातच उगम पावलेली काटेपूर्णा पूर्णा-तापीमार्गे अरबी समुद्र गाठते. एका जिल्ह्याचं पाणी दोन समुद्रांना! आपण काय धुतो ते आपल्यापुरतं राहत नाही. आणि समुद्राच्या आधी त्या वाटेवर म्हैस आहे, लेकरं आहेत.

टँकरचा हिशेब मी वर्गात मांडला, तसाच घरी जेवताना मांडला. भाऊजी काही बोलले नाहीत. पण यंदा त्यांनी पंप शेतातच धुतला. डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच घेतलं, आपल्याच पिकावर फवारलं आणि रिकाम्या डब्याला भोकं पाडली, म्हणजे कुणी घरात वापरायला नको. मीही फवारणीच्या कपड्यांची बादली वेगळी केली आहे. ते कपडे हातमोजे घालून, शेवटी धुते. साबण थोडा जास्त लागतो. लागू दे.

शेजारचे अजून नाल्यावरच जातात. त्यांना सांगायचं कसं, तेवढा धीर अजून गोळा करते आहे. पण घरात आता कुणी ‘थोड्यानं काय होतं’ म्हटलं, की माझी लेक लगेच म्हणते, “आई, एक लाख टँकर!”