आग्वादचे पाणी

पणजीच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मांडवीच्या पाण्यावर हिवाळ्यातील कोवळे ऊन पसरले होते. मामा कठड्याला धरून उभे होते. वय सत्त्याऐंशी वर्षांचे. पण कोणी बसावयास जागा दिली तर त्यांना ते मुळीच आवडत नसे. ही गोष्ट २०२२ सालची.

समोर बेतीचा काठ दिसू लागला. मामा म्हणाले, "येथल्याच पोलीस ठाण्यावर मोहन रानडे आणि त्यांच्या साथीदारांनी १९५५ साली हल्ला केला. रानडे जखमी होऊन पकडले गेले."

रानडे मूळचे सांगलीचे. गोव्यात येऊन ते मुलांना मराठी शिकवीत असत. त्यांना सव्वीस वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे त्यांना पोर्तुगालमधील तुरुंगात नेण्यात आले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तरी रानडे सुटून यावयास १९६९ साल उजाडले. ज्या भूमीसाठी ते लढले ती मोकळी झाली होती आणि ते मात्र सात वर्षे परक्या देशात कोंडलेलेच होते!

हे सारे मामा पुष्कळदा सांगत. स्वतःविषयी मात्र ते बोलत नसत. पत्रके वाटताना आपण सापडलो आणि चौदा महिने आग्वादच्या तुरुंगात होतो, एवढी दोनच वाक्ये. तिसरे वाक्य आमच्या घरात कोणी ऐकले नव्हते. लहानपणी मी त्यामुळे त्यांच्यावर रुसत असे. शाळेत मित्रांना सांगावयास मला मामांच्या शौर्याची एक तरी गोष्ट हवी होती! आणि आता इतक्या वर्षांनी, एके दिवशी ते आपण होऊनच म्हणाले, "मला एकदा आग्वादला घेऊन चल."

तुम्ही नकाशात पाहाल, तर मांडवी जेथे समुद्राला मिळते तेथे उत्तरेच्या बाजूस भूमीचे एक टोक पुढे आलेले दिसेल. त्यावर हा किल्ला आहे. डचांच्या आरमारापासून रक्षण व्हावे म्हणून पोर्तुगिजांनी तो बांधला आणि १६१२ साली तो पुरा झाला. 'आगुआ' म्हणजे पोर्तुगीज भाषेत पाणी. दूरदेशीहून येणारी गलबते येथे गोड्या पाण्याची पिंपे भरून घेत. वरच्या किल्ल्यातील टाक्यात २३ लाख ७६ हजार गॅलन पाणी मावे, असे सांगतात. तेथेच १८६४ साली उभारलेला जुना दीपस्तंभही आहे. तुरुंग मात्र खाली, समुद्राला लागून.

सालाझारच्या राजवटीत गोव्यात परवानगीवाचून सभा भरविणे हाही गुन्हाच होता. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया मडगावच्या सभेत उभे राहिले आणि पकडले गेले. त्याच वर्षी ते पुन्हा गोव्यात आले, तेव्हा त्यांना आग्वादला ठेवण्यात आले. त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांनाही त्याच वर्षी येथील अंधाऱ्या कोठडीत डांबले. लष्करी न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात पाठविले. गंमत अशी, की पेनिशचा तो तुरुंगही आता संग्रहालय झाला आहे.

गोवा मुक्त झाल्यावरही आग्वाद तुरुंगच राहिला. २०१५ साली तेथील कैदी कोलवाळच्या नव्या कारागृहात नेले आणि १९ डिसेंबर २०२१ रोजी, मुक्तीला साठ वर्षे पुरी झाली त्या दिवशी, ही वास्तू संग्रहालय म्हणून लोकांसाठी उघडली.

आम्ही आत गेलो. लोहिया आणि कुन्हा यांच्या स्मृतीसाठी राखलेल्या कोठड्या मी अगदी सावकाश पाहिल्या. मामांनी दोन्हीकडे हात जोडले आणि ते पुढे चालू लागले. शेवटी एका दाराशी थांबून म्हणाले, "हीच असावी. नक्की सांगता येत नाही. मला रात्री बंद गाडीतून आणले होते." दाराचे गज त्यांनी मुठीत धरले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग बोलू लागले ते माझ्याकडे न पाहताच.

"पाणी मोजून मिळे. ते घेऊन एक जुना कैदी येई. चोरीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगत होता. बाहेर असताना पाव भाजीत असे, म्हणून सगळे त्याला 'पोदेर' म्हणत. मी वीस वर्षांचा. देशासाठी तुरुंगात आलेला. एकदा त्याने आपल्या वाटणीचा अर्धा पाव गजांतून माझ्यापुढे धरला. मी तो त्याच्या अंगावर फेकला. म्हटले, मी चोर नाही. तो काही बोलला नाही. पाव उचलला, सदऱ्याला पुसला आणि खिशात ठेवला."

"मग?" मी विचारले.

"मग पावसाळ्यात मला ताप भरला. तीन रात्री मी शुद्धीवर नव्हतो. ओठांना पाणी लागे तेवढे कळे. पुढे शेजारच्या कोठडीतल्यांनी सांगितले, तो आपल्या वाटचे पाणी मला पाजीत होता. सुटलो त्या दिवशी तो अंगणात झाडीत होता. त्याने हात वर केला. मी केला नाही. बाहेर माझी माणसे हार घेऊन उभी होती, त्यांनी पाहिले असते."

संग्रहालयातील एक तरुण जवळ आला. मामांनी त्याला विचारले, "बाबा, जुन्या कैद्यांची नावे कोठे पाहावयास मिळतील?"

"कोणाचे नाव हवे, आजोबा?"

"पोदेर."

तो मुलगा हसला; पण त्या हसण्यात थट्टा नव्हती. "आजोबा, गोव्यात पोदेर पुष्कळ. त्यांचे नाव काय?"

मामांनी मान हलविली. माझ्याकडे वळून ते म्हणाले, "पाहिलेस? ज्याचे नाव मी विचारले नाही, ते येथे कोण कसे लिहिणार?"

बाहेर तटाशी आलो. चौदा महिने मामांनी या समुद्राची गाज ऐकली होती. त्यांच्या कोठडीतून तो दिसत नसे. आता तो पन्नास पावलांवर होता. मामा ऊन उतरेपर्यंत तेथेच बसून राहिले. मीही काही विचारले नाही. लहानपणी मला हवी होती ती शौर्याची गोष्ट ही नव्हे, एवढे मला कळले होते. पण मामांना ही गोष्ट सांगावयास किती वर्षे लागली, याचाच हिशेब मी मनात करीत होतो.

परतताना नेरूळच्या रस्त्यावर सायकलच्या भोंग्याचा आवाज आला. संध्याकाळचे पाव घेऊन एक पोदेर घरोघर हिंडत होता. मामांनी गाडी थांबवावयास सांगितली आणि काठी टेकीत ते खाली उतरले. टोपलीवरचे कापड दूर सारून पोदेराने विचारले, "किती देऊ?"

मामा म्हणाले, "आधी तुझे नाव सांग."

त्याने आश्चर्याने मामांकडे पाहिले आणि नाव सांगितले. मामांनी ते दोनदा उच्चारून पाहिले. मग चार पाव घेतले.